दम कोणाचा मोठा?

मुहैस्नाहमध्ये राहणाऱ्या माणसाला मोटारींचं प्रदर्शन पाहायला तिकीट काढावं लागत नाही. पाहायला म्हणण्यापेक्षा ऐकायला म्हणा. जवळून शेख मोहम्मद बिन झायेद रस्ता जातो आणि शेजारी मुहैस्नाह दोन, ज्याला सगळी दुबई सोनापूर म्हणून ओळखते. (मुंबईचे पाहुणे हे नाव ऐकून जरा दचकतात. पण इथलं सोनापूर जिवंत, कष्टाळू माणसांनी गजबजलेलं आहे.) पहाटे कामगारांच्या बसगाड्या घरघरत निघतात आणि रात्री उशिरा एखादी स्पोर्ट्स कार अशी किंचाळत जाते की झोपलेलं मूल कूस बदलतं.

आपल्या शनिवारच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं, "मुलांना ज्यात रस आहे अशा विषयावर पालकांनी या अंकासाठी मराठीत लिहावं." आमच्या घरात असा विषय एकच आहे : इंजिन. त्यातही एकच वाद : टर्बो असलेलं इंजिन चांगलं की टर्बो नसलेलं? आम्ही स्वतः यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली, पण पोट भरतो संगणकाच्या प्रणाली लिहून. त्यामुळे या विषयावर बोलायचा आम्हाला कितपत अधिकार आहे, याबद्दल घरात दुमत आहे. वादाचे खरे पक्षकार दोन. एक आमचे चिरंजीव, इयत्ता नववी. लहानपणी आम्हाला जशी पावकी-निमकी पाठ असायची, तशी त्यांना जगातल्या सगळ्या गाड्यांची अश्वशक्ती पाठ आहे. दुसरे आमचे वडील, म्हणजे चिरंजीवांचे आजोबा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या एका एसटी डेपोत त्यांनी सारी हयात गाड्यांखाली उताणं झोपून काढली.

पालकांना एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बहुतेक घरांत सारखीच असावी. आमच्याकडे दर शुक्रवारी अण्णांचा फोन यायचा आणि नातू-आजोबांचं संभाषण चार वाक्यांत संपायचं. "जेवलास का?" "हो." "अभ्यास काय म्हणतोय?" "चाललाय." "बरं, दे बाबांकडे." प्रेम दोन्ही बाजूंनी भरपूर, पण बोलायला विषय नाही. आणि विषय असता तरी शब्द नाहीत, कारण नातवाचं सगळं ज्ञान इंग्रजीत आणि आजोबांचं सगळं ज्ञान हाताच्या बोटांत. गेल्या हिवाळ्यात अण्णा दोन महिने आमच्याकडे राहून गेले. त्या दोन महिन्यांत हा वाद पेटला, आणि या लेखातली अर्धीअधिक माहिती त्या वादातूनच आली आहे.

मुलांनो, आधी इंजिन समजून घेऊ. पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हवी. म्हणजे एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! टाकीत पेट्रोल कितीही भरा. इंजिनाची ताकद शेवटी ठरते ती हवा किती आत जाते त्यावर. सिलिंडरमध्ये दट्ट्या खाली-वर होतो, त्याची चार कामं. पाठ्यपुस्तकात त्यांना मोठी संस्कृत नावं आहेत. अण्णांनी नातवाला शिकवली ती अशी : ओढा, दाबा, पेटवा, फेका. हवा आणि इंधन ओढा, दाबा, ठिणगीने पेटवा आणि जळलेला वायू बाहेर फेका. स्पोर्ट्स कारचं इंजिन हे चारही एका सेकंदात कितीतरी वेळा करतं.

यातल्या "ओढा" या शब्दात एक गंमत आहे. खरं पाहता इंजिन हवा ओढत नाही. दट्ट्या खाली गेला की पोकळी होते, आणि बाहेरचं वातावरण आपल्या दाबाने हवा आत ढकलतं. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. वातावरण यापेक्षा जास्त ढकलू शकत नाही, म्हणून अशा इंजिनाला ताकद वाढवायचे दोनच ठळक मार्ग : सिलिंडर मोठे करा, किंवा जास्त वेगाने फिरवा. या इंजिनाला आमच्या घरात नाव पडलं, "आपल्या दमाचं इंजिन".

आता टर्बो. तो समजायला आजीच्या चुलीजवळ जा. चूल धुमसायला लागली की आजी फुंकणी घेते. लाकडं तीच, चूल तीच, पण हवा जास्त गेली की ज्वाळा उठते. लोहाराचा भाताही हेच करतो. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. फरक एवढाच, की ती फुंकायला वेगळं माणूस लागत नाही. चौथ्या कामात जो जळलेला वायू बाहेर फेकला जातो, त्यात इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा वाया जात असतो. त्या वायूच्या वाटेत एक छोटं चक्र ठेवायचं. ते फिरलं की त्याच दांड्यावर बसवलेला दुसरा पंखा फिरतो आणि ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. हे चक्र मिनिटाला एक-दोन लाख फेरे घेतं. पेट्रोल गाडीत त्याच्यावरून जाणारा वायू ९०० अंशांच्या पुढे तापलेला असतो.

हे ऐकल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे उसना दम."

चिरंजीव उसळले. "उसना नाही, आजोबा! जे वेस्ट जातं ना... ते काय म्हणतात... टाकाऊ. टाकाऊतून टिकाऊ!" हा शब्दप्रयोग त्यांनी याच वर्गात हस्तकलेच्या तासाला ऐकला होता. वर्गाची फी त्या दिवशी वसूल झाली असं आम्हाला वाटलं. मुद्दाही बरोबर होता. ज्या यंत्रात पंखा इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून पट्ट्याने फिरवतात, त्याला सुपरचार्जर म्हणतात. तो खरा उसनवार करतो, इंजिनाचीच ताकद घेऊन तिच्यात भर घालतो. टर्बो फेकलेल्यातून घेतो. अगदी फुकट मात्र नाही : वायूच्या वाटेत चक्र आलं की बाहेर पडायला थोडा अडथळा होतोच.

टर्बोची कल्पना स्पोर्ट्स कारसाठी निघालेली नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९२० च्या दशकात जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसले. विमानांना तो वेगळ्या कारणासाठी हवा होता. उंचावर हवा विरळ, म्हणून इंजिनाचा दम तुटतो. अमेरिकेत १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं एक इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेऊन तपासलं. समुद्रसपाटीला ते सुमारे ३५० अश्वशक्ती द्यायचं. शिखरावर टर्बोशिवाय २३० उरली, टर्बो जोडल्यावर ३५६ मिळाली.

ही गोष्ट वाचून दाखवली तेव्हा अण्णा सावरून बसले. "आमच्या पसरणी घाटात हेच व्हायचं," ते म्हणाले. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या जुन्या एसटीला टर्बो नव्हता. वर जावं तसा धूर काळा व्हायचा. डिझेल मापाने तेवढंच जायचं, पण हवा कमी पडायची, म्हणून अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर यायचं. अण्णांना हे कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं, धुराने सांगितलं होतं. चिरंजीवांनी लगेच हिशोब मांडला : महाबळेश्वरच्या उंचीला हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ. आपल्या रास अल खैमाच्या जेबेल जैसवर १,२५० मीटरला जो सज्जा आहे, तिथेही जवळजवळ तेवढीच. त्या दिवशी नातू पहिल्यांदा आजोबांना प्रश्न विचारत होता, आणि आजोबा उत्तर देत होते.

आता स्पोर्ट्स कारकडे वळू. आपल्या दमाचं आणि फुंकणीचं, अशी दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून पाहायची तर फेरारी कंपनीच्या दोन गाड्या घ्याव्यात. कारण एकीच्या जागी दुसरी आली, घराणं एकच. २००९ ची ४५८ इटालिया : ४.५ लिटरचं आठ सिलिंडरचं आपल्या दमाचं इंजिन, ५७० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ९,००० फेऱ्यांना. २०१५ ची ४८८ जीटीबी : आठच सिलिंडर, पण इंजिन ३.९ लिटरचं, दोन टर्बो, ६७० अश्वशक्ती, ८,००० फेऱ्यांना. इंजिन लहान झालं आणि ताकद शंभरने वाढली. दर लिटरला १२७ अश्वशक्ती होती, ती १७२ च्या जवळ गेली. चिरंजीवांच्या मते खटला इथेच निकाली निघाला.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "हे सहाशेसत्तर केव्हा मिळतात? पायाला मिळतात की कागदावर?"

मुलांनो, हा प्रश्न लिहून ठेवण्यासारखा आहे. अश्वशक्तीचा आकडा म्हणजे इंजिनाने एका ठरावीक वेगाला गाठलेलं शिखर. गाडी चालवणारा माणूस सदासर्वकाळ त्या शिखरावर नसतो. वाटेत काय मिळतं ते पाहायला टॉर्क पाहावा लागतो. टॉर्क म्हणजे दांड्याला बसणारा पीळ. पाना धरून नट सोडवताना मनगटाला जो जोर लावावा लागतो, तो पीळ. ४५८ चा सर्वांत जास्त पीळ ५४० न्यूटन-मीटर, आणि तो ६,००० फेऱ्यांना मिळतो. ४८८ चा ७६०, आणि तो ३,००० फेऱ्यांनाच हजर. म्हणजे कागदावरच नव्हे, निम्म्या वेगालाही टर्बोची सरशी. चिरंजीवांनी आलेख काढून अण्णांना दाखवला. "पीळ" हा शब्द त्यांना त्या आलेखासाठीच शिकावा लागला.

पण अण्णांचा प्रश्न "किती" असा नव्हता, "केव्हा" असा होता. टर्बोचं चक्र फिरायला आधी वायू हवा. वायू यायला आधी इंजिनाने जोर करायला हवा. म्हणजे पाय दाबला आणि ताकद आली, यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. अण्णांनी दोन्ही इंजिनांचं वर्णन असं केलं : "आपल्या दमाच्या इंजिनाला हाक मारली की ते 'ओ' देतं. टर्बोला हाक मारली की ते 'आलो आलो' म्हणतं. मग येतं ते चार माणसं घेऊन येतं, पण येईपर्यंत आपण दारात उभे." पहिल्या टर्बो स्पोर्ट्स कारमध्ये हे फार जाणवायचं. पोर्शची १९७५ पासून विकली गेलेली ९११ टर्बो या बाबतीत बदनाम होती. वळणात ताकद उशिरा आणि एकदम आली, की मागची चाकं सुटत. पुढे टर्बो लहान आणि हलके झाले, वायूची वाट कमी-जास्त करणारी पाती आली, संगणकाने नियंत्रण आलं, आणि हा उशीर खूप कमी झाला. कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

फुंकणीची दुसरी किंमत उष्णतेची. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड तापतं ना? हवा दाबली की तापते. तापलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली, तर ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटतं आणि इंजिन ठोके देतं. म्हणून टर्बोनंतर हवा थंड करणारी जाळी बसवतात, आणि सिलिंडरमधला दाबही कमी ठेवतात. ४५८ मध्ये मिश्रण १२.५ पट दाबलं जायचं, ४८८ मध्ये ९.४ पट.

दुबईच्या पालकांनी इथे कान टवकारावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. २० अंशांच्या मानाने ही हवा जवळजवळ ८ टक्के विरळ असते. आपल्या दमाच्या इंजिनाचा तेवढा दम सरळ कमी होतो, तक्रारीला जागा नाही. टर्बो फुंकणी जोराने मारून तूट भरून काढू शकतो. पण त्याची थंड करणारी जाळी ज्या वाऱ्यावर अवलंबून, तो वाराच ४५ अंशांचा! चढावर, ट्रॅकवर, फेऱ्यांवर फेऱ्या मारताना हवा तापत जाते आणि संगणक इंजिन वाचवण्यासाठी ताकद उतरवतो. डिसेंबरच्या दुबईतला टर्बो आणि ऑगस्टच्या दुबईतला टर्बो, यांचा छापील आकडा एकच असतो.

आता आवाजाबद्दल. इथे अण्णांचा अधिकार सर्वमान्य आहे. ते गाडी पाहत नाहीत, ऐकतात. रात्री गॅलरीत बसून ते सांगायचे, "ही फुंकणीवाली," "ही आपल्या दमाची." आठ सिलिंडरचं इंजिन ९,००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला ६०० स्फोट होतात. सोनापूरच्या बसचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन १,५०० फेऱ्यांवर चालत असेल, तर सेकंदाला ७५. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी हिशोब करावा : ७५ चे १५०, १५० चे ३००, ३०० चे ६००. बरोबर तीन सप्तकं! टर्बोचं चक्र या स्फोटांच्या वाटेत बसतं, त्यातली ऊर्जा काढून घेतं, त्यामुळे आवाज बोथट होतो आणि सूं असा वाऱ्याचा सूर त्यात मिसळतो. अबुधाबीच्या यास मरीनावर २००९ पासून फॉर्म्युला वनची शर्यत होते. २०१३ पर्यंत तिथे २.४ लिटरची आपल्या दमाची, १८,००० फेऱ्यांची इंजिनं धावली. २०१४ पासून नियम बदलले आणि १.६ लिटरची, टर्बो आणि विजेची जोड असलेली, १५,००० फेऱ्यांची मर्यादा असलेली आली. पहिल्याच वर्षी जगभरच्या प्रेक्षकांची तक्रार एकच होती : गाड्या मुक्या झाल्या.

फॉर्म्युला वनने या वादाचा निकाल अनेकदा दिला आणि अनेकदा फिरवला. १९७७ मध्ये रेनॉ कंपनीने सिल्व्हरस्टोनला पहिली टर्बो गाडी उतरवली. नियम असा : आपल्या दमाचं इंजिन ३ लिटर, टर्बो असेल तर निम्मं, दीड लिटर. गाडी इतक्या वेळा धूर काढत बंद पडली, की लोक तिला पिवळी चहाची किटली म्हणू लागले. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, फ्रान्सच्या दिजाँला त्याच किटलीच्या वंशाने शर्यत जिंकली. १९८८ मध्ये होंडाच्या टर्बो इंजिनावर मॅकलॅरेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, आणि १९८९ पासून टर्बोवर बंदी आली. पंचवीस वर्षांनी तो परतला, तो इंधन वाचवतो म्हणून.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारमध्येही आपल्या दमाचं इंजिन मागे पडलं, ते हरल्यामुळे नव्हे. युरोपीय संघाने २००९ मध्ये कायदा करून नव्या मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घातली. हळू चालवताना लहान इंजिनाएवढं खाणारं आणि गरज पडली की मोठ्याएवढं ओढणारं यंत्र कंपन्यांना हवं होतं. ते म्हणजे टर्बो. २०१५ मध्ये पोर्शच्या साध्या ९११ कॅरेरालाही टर्बो आला. आपल्या मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीने २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात 'अवंती' ही स्पोर्ट्स कार दाखवली. तिच्यातही रेनॉकडून घेतलेलं २ लिटरचं टर्बो इंजिनच होतं. लहान कारखान्याला बारा सिलिंडरचं इंजिन नव्याने घडवणं परवडणारं नसतं. चार सिलिंडर आणि एक फुंकणी, एवढ्यावर भागतं.

दुबईच्या पोलिसांकडे मात्र दोन्ही घराणी नांदली. २०१३ मध्ये त्यांच्या ताफ्यात लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोर आली : साडेसहा लिटर, बारा सिलिंडर, टर्बो नाही, ७०० अश्वशक्ती. पुढे बुगाटी व्हेरॉन आली : आठ लिटर, सोळा सिलिंडर, चार टर्बो, १,००१ अश्वशक्ती. ताशी ४०७ किलोमीटर वेगासाठी तिची सेवेतली सर्वांत वेगवान पोलीस मोटार म्हणून गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली. चिरंजीवांनी ही माहिती जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितली. आमच्या सौ. म्हणाल्या, "खालच्या रस्त्यावर एकशेदहाची मर्यादा आहे. चारशेसात कुठे करणार? पोळी घे." या वादात याहून नेमकं विधान आम्ही ऐकलेलं नाही.

मग निकाल काय? अभियंता म्हणून आमचं मत विचाराल तर असं. कमी इंधनात, लहान इंजिनात, घाटात, रोजच्या वेगाला जास्त काम हवं असेल, तर फुंकणीचं इंजिन उजवं आहे. सोनापूरच्या बसला तेच हवं. चालवणाऱ्याच्या पायाला लगेच, मागेल तेवढंच आणि दर वेळी सारखंच उत्तर हवं असेल, तर आपल्या दमाचं इंजिन उजवं आहे. म्हणून पोर्शने ट्रॅकसाठीच्या ९११ जीटी३ मध्ये ४ लिटरचं, ९,००० फेऱ्यांचं टर्बोशिवायचं इंजिन चालू ठेवलं, आणि फेरारीने २०२४ मध्ये नव्या गाडीत साडेसहा लिटरचं बारा सिलिंडरचं इंजिन टर्बोशिवायच ठेवलं, ८३० अश्वशक्तीचं. एका आकड्यावर दोघांना उभं-आडवं तोलता येत नाही. किती मिळतं, ते केव्हा मिळतं, आणि तिसऱ्या फेरीलाही मिळतं का, हे तीनही विचारावं लागतं. पालकांनो, आपण घरात मुलांचेही आकडे फार पाहतो. प्रगतिपुस्तक उघडताना हे तीन प्रश्न जवळ ठेवायला हरकत नाही.

अण्णा मार्चमध्ये गावी परतले. नातवाच्या मराठीत अजून चुका आहेत. 'तो दट्ट्या' की 'ती दट्ट्या' हा गोंधळ संपलेला नाही. पण शुक्रवारचा फोन आता चाळीस मिनिटं चालतो, आणि तो आमच्याकडे येत नाही. मागच्या खेपेला विषय होता लॅम्बोर्गिनीची टेमेरारियो. २०२४ मध्ये ती दहा सिलिंडरच्या आपल्या दमाच्या हुराकानच्या जागी आली. चार लिटर, आठ सिलिंडर, दोन टर्बो, १०,००० फेरे आणि जोडीला तीन विजेच्या मोटारी. टर्बोचं चक्र फिरेपर्यंतचा क्षण विजेची मोटार भरून काढते. अण्णांचं म्हणणं, "म्हणजे हाक मारली टर्बोला, 'ओ' दिली विजेने. याला इंजिनाचा दम म्हणायचं का?" चिरंजीव म्हणाले, "थांबा आजोबा, विचार करून पुढच्या शुक्रवारी सांगतो."

उत्तर अजून ठरलेलं नाही. वर्गातल्या मुलांनी मदत करावी. पुढच्या शनिवारपर्यंत घरच्या आजी-आजोबांना फोन करून दोन गोष्टी विचारा : चूल पेटवताना फुंकणी केव्हा मारायची आणि केव्हा थांबायचं? आणि त्यांनी बसलेल्या पहिल्या गाडीचा आवाज कसा होता? उत्तरं मराठीत लिहून आणा. स्पेलिंग कोणी तपासणार नाही, असं बाईंकडून आम्ही आधीच कबूल करून घेतलं आहे.